गुडघ्यातला खड्डा आणि गुडघ्याची झीज

संपादक महोदय,

‘झिजलेली गादी पुन्हा भरून मिळेल’ अशा आशयाच्या जाहिराती वाचून साठी ओलांडलेले रुग्ण कूर्चेच्या, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाच्या, शस्त्रक्रियेची आशा धरून येतात. सांधा सगळीकडून झिजला असेल, तर ही शस्त्रक्रिया त्यांच्या कामाची नाही. ती असते खड्ड्यासाठी. खेळताना किंवा दुचाकीवरून पडल्यावर कूर्चेचा एखादा तुकडा निघतो, भोवतालची कूर्चा मात्र शाबूत असते, तेव्हा. समोरासमोरची दोन्ही हाडे उघडी पडली असतील, तर नवे काही टिकत नाही.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती आपोआप भरून येत नाही. साधारण २ चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या खड्ड्यात दुर्बिणीतून हाडाला बारीक छिद्रे पाडतात, एकमेकांपासून ३ ते ४ मिलिमीटरवर. त्यांतून हाडातल्या मज्जेतले रक्त येऊन गोठते आणि त्याचीच भर तयार होते. ही भर तंतुमय असते, मूळच्या कूर्चेइतकी चिवट नसते. खड्ड्याच्या कडा उभ्या कापल्या नाहीत किंवा तळाचा कडक, चुना साचलेला थर खरवडला नाही, तर ती नीट धरत नाही. छिद्रे फार जवळ पडली, तर मधले हाड खचते.

खड्डा याहून मोठा असेल, तर पेशीरोपणाचा विचार होतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. भार न येणाऱ्या जागेवरून काहीशे मिलिग्रॅम कूर्चा काढतात, प्रयोगशाळेत काही आठवडे पेशी वाढवतात आणि मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या खड्ड्यात बसवतात. खर्चही दुहेरी.

आणि एवढे करून पाय फेंगडेच राहिले, तर? शरीराचा भार आतल्या बाजूवरच पडत राहतो आणि दुरुस्ती पुन्हा घासली जाते. म्हणून एमआरआयबरोबर उभे राहून काढलेला, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे हवाच. फाटलेला लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा) तसाच ठेवूनही चालत नाही.

मांडीच्या हाडाच्या टोकावर छिद्रे पाडली असतील, तर सहा ते आठ आठवडे कुबड्या घ्याव्या लागतात. गुडघा मात्र रोज वाकवायचा. पहिल्याच आठवड्यात भार टाकला, तर कोवळी भर दबते. आठवड्यात चालवू असे सांगणाऱ्याला रुग्णाने विचारावे: खड्डा किती चौरस सेंटिमीटरचा, कुठे आहे, आणि समोरची कूर्चा कशी आहे?

— एक अस्थिशल्यचिकित्सक, नाशिक