सईस पत्र: मादी घेण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

विणीसाठी घ्यायच्या म्हणून तू पाठवलेल्या तिन्ही अजगर माद्यांचे फोटो पाहिले. रंग तिन्हींचे देखणे आहेत. पण वजन किती, वय किती, शेवटचं कधी खाल्लं, यातलं एक अक्षर नाही. विकणाऱ्याने जे दाखवलं तेच तू मला पुढे पाठवलंस. म्हणून ‘आई, यातली कुठली घेऊ?’ याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही.

बॉल पायथनचा, म्हणजे तू पाळतेस त्या छोट्या आफ्रिकी अजगराचा, नर सहा-सातशे ग्रॅमचा झाला की कामाला येतो, तेही बऱ्याचदा वर्षभरात, आणि एक नर चार-पाच माद्यांना सहज पुरतो. मादीला साधारण तीन वर्षं लागतात. वजन दीड किलोच्या वर जायला हवं, आणि मग वर्षाला फार तर एकदाच अंडी, तीही बहुधा सहाच्या आसपास. तिथे अमेरिकेत, कोलंबसच्या त्या एका खोलीत तू किती माद्या ठेवणार? आपल्याकडे जातिवंत रेड्याच्या रेताची कांडी दवाखान्यातून मिळते, पण दावणीची म्हैस जर भाकड निघाली तर कांडी काय करणार! तसंच हे. पैसे रंगावर घालायचे तर नरावर घाल. मादी अंग बघून घे.

आता फोटोंकडे वळते. मधली जी सोनेरी, तिच्याखाली ‘डेझर्ट’ लिहिलंय. ती नकोच. डेझर्ट नर चालतो, पण या मॉर्फच्या, म्हणजे या रंग-नक्षीच्या वाणाच्या, माद्या विणीला चालत नाहीत हे तिथल्या पाळणाऱ्यांना केव्हाचं माहीत आहे. अंडी वांझ निघतात किंवा पोटातच अडकतात, आणि मादी जिवानिशी जाते. ही गोष्ट न सांगता कुणी तुला ती ‘विणीसाठी’ देत असेल तर त्याच्याकडून दुसरंही काही घेऊ नकोस. तिसरी स्पायडर. नक्षी सुंदर आहे, मान्य. पण त्या जनुकाबरोबर आतल्या कानाचा दोष येतो, डोकं डुलतं, भक्ष्यावर नेम चुकतो. कुणाला कमी, कुणाला जास्त, पण दोष सगळ्यांत. जाणूनबुजून तसली पिल्लं जन्माला घालायची हे मला पटत नाही. तुझं घर, तुझा निर्णय. पण माझं मत विचारलंस म्हणून लिहिलं.

राहिली पहिली, साधी तपकिरी, जिच्याबद्दल तू ‘ही अगदीच नॉर्मल दिसते’ असं लिहिलंयस. मला तीच बरी वाटते, जर ती खरोखर पाइडची हेट असेल तर. पाइड म्हणजे अंगावर पांढरी ठिगळं; ते जनुक आईबाप दोघांकडून आलं तरच दिसतं, एकाकडूनच आलं तर पिल्लू साधं दिसतं, ते हेट. तुझ्याकडचा नर पाइड आहे. साध्या मादीशी जोडी लावलीस तर सगळी पिल्लं हेट निघतील, एकही पाइड दिसणार नाही, आणि त्यांतल्या माद्या मोठ्या होईपर्यंत आणखी तीन वर्षं जातील. मादी हेट असेल तर निम्मी पिल्लं पाइड. सहा अंड्यांत एकही न निघण्याची शक्यता शंभरात दोनाहूनही कमी. हेच नर-मादी दोघंही नुसते हेट असते तर ती शक्यता अठराच्या घरात गेली असती. म्हणून तिचे आईबाप कोण ते विचार. दोघांतलं एक जरी पाइड असेल तर ती शंभर टक्के हेट. दोघं हेट असतील तर ती ‘६६ टक्के पॉसिबल हेट’, म्हणजे तिनांत दोन वेळा खरं, एकदा फसगत. जी गोष्ट कळायला तीन वर्षं लागतील तिच्यावर जादा डॉलर घालू नकोस. हल्ली कातीवरून जनुक तपासून देणाऱ्या लॅब आहेत. विकणारा कात द्यायला कां-कूं करत असेल तर त्यातच उत्तर आलं.

मादी आहे हेही धरून चालू नकोस. शेपटीजवळची नखं नर-मादी दोघांनाही असतात, त्यावरून काही ठरत नाही. तुझ्यासमोर प्रोब करून घे, म्हणजे शेपटीच्या मुळाशी बारीक सळई घालून तपासून घे. मादीत सळई दोन-चार खवल्यांएवढीच जाते, नरात बरीच खोल. हे जाणत्या हातानेच व्हावं, तू घरी करून बघू नकोस. जाता जाता एक गंमत: आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की सापांतही कोंबड्यांसारखंच, लिंग मादीच्या गुणसूत्रावर ठरतं. २०१७ साली कळलं की अजगर आणि बोआ यांच्यात ते आपल्यासारखं, नरावर ठरतं. बनाना या पिवळ्या मॉर्फच्या काही नरांची बनाना पिल्लं बहुतेक नरच का निघतात आणि काहींची बहुतेक माद्याच का, त्याचा उलगडा इथेच आहे: ते जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरच बसलेलं असतं. पुढे कधी बनाना नर घेतलास तर त्याला तो रंग आईकडून आला की बापाकडून, हे विचारून घे. आईकडून आला असेल तर त्याची बनाना पिल्लं बहुतेक माद्या.

ऑक्टोबरात शिकागोजवळच्या टिनली पार्कला सापांच्या शोला जाशील तेव्हा गर्दीत घाई करू नकोस. मादी हातात घे, मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश सरकू दे आणि अंगठा कण्यावरून फिरव. कुठे गाठ, मुरड लागली तर खाली ठेव. अंग पावाच्या लादीसारखं गोलसर भरलेलं हवं. पाठ धारदार नको, आणि कोंबून खाऊ घातलेली, कातडीला चरबीच्या वळ्या पडलेलीही नको. दीड वर्षात दीड किलो करून दाखवलेली मादी मला कुणी फुकट दिली तरी नको, वजन आलं म्हणजे वय येत नाही. नाकपुड्यांशी बुडबुडे, तोंडात चिकट लाळ, श्वासाला शिट्टी असेल तर पाठ फिरव. हनुवटीखालच्या खवल्यांत आणि डोळ्याच्या कडेला काळे ठिपके हलतात का बघ. ते माइट्स, गोचिडांचे बारीक नातलग, एका मादीबरोबर अख्ख्या खोलीत शिरतात.

‘प्रूव्हन ब्रीडर’, म्हणजे आधी विलेली, म्हणून मोठी मादी कुणी विकत असेल तर पहिला प्रश्न हाच, की अंडी देणारी मादी हा का विकतोय? गेल्या विणीला अंडी किती, त्यातली भरलेली किती, त्यानंतर खायला कधी लागली, हे वहीत लिहिलेलं असेल तर दाखवेल. मला विचारशील तर तीन-चारशे ग्रॅमची, गोठवलेला उंदीर कोमट करून ताटात वाढला की मुकाट्याने खाणारी लहान मादी घे आणि तुझ्या हाताखाली वाढव. ही जात हिवाळ्यात महिनोन्‌महिने उपाशी राहते, त्यामुळे आधीच नखरे करणारी घरात आणलीस तर अंडी घालून कातडी सैल पडल्यावर ती पुन्हा कधी भरून येईल सांगता येत नाही. आणि जी भरून आली नाही तिला पुढचं वर्ष सुट्टी. नर तयार आहे म्हणून जोडी लावायची नाही.

नवीन मादी आणलीस की तीन महिने वेगळ्या खोलीत. भांडी वेगळी, तिचं काम दिवसाच्या शेवटी, मग हात धुवून थेट बाहेर. निडोव्हायरसची (अजगरांना श्वासाचा आजार देणारा विषाणू) घशाची स्वॅब तपासणी करून घे, एकदा निगेटिव्ह आली तरी थोड्या दिवसांनी पुन्हा. पाइड नर तुझा जीव की प्राण आहे ना?

शिराळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात असताना लोक नांगराला लागलेली धामण पोत्यातून आणायचे. टाके घालून वनखात्याच्या माणसाच्या ताब्यात द्यायची, एवढाच माझा सापांशी संबंध. इथे १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे आपला साप कुणाला घरी पाळताच येत नाही, आणि ते योग्यच आहे. तुझ्याकडे रीतसर करता येतंय तर नीट कर. सहा पिल्लं निघाली तर ती कुणाकडे जाणार याची यादी जोडी लावण्याआधी तयार हवी.

पहिल्या मादीचं वजन, आईबापांचे फोटो आणि पोटाच्या बाजूचा एक फोटो मागवून मला पाठव. तोवर ॲडव्हान्स देऊ नकोस. आणि बाबा विचारतायत, उंदरांसाठी वेगळा फ्रीजर घेतलास की नाही? डिसेंबरात आम्ही येणार आहोत, मटारांच्या पिशवीखाली तसलं काही सापडलं तर ते स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाहीत म्हणतात.

तुझी,
आई