वर्ग न पाहताच वर्गोन्नत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी मराठवाड्यातील एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. पहिली आणि दुसरी माझ्याकडे, तिसरी आणि चौथी मुख्याध्यापकांकडे, आणि चारही वर्गांचा मिळून पट सत्तावीस. १ मे रोजी सकाळी महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन झाले की त्याच मैदानावर निकाल सांगून प्रगतिपुस्तके वाटायची, ही आपल्याकडच्या शाळांची वर्षानुवर्षांची रीत. त्या दिवशी एरवी शाळेकडे न फिरकणारे वडीलही धुतलेला सदरा घालून येतात, आणि आपले मूल वरच्या वर्गात गेल्याचे चारचौघांत ऐकतात. करोनाच्या साथीमुळे शाळा बंद असल्याने यंदा, २०२१ मध्ये, सलग दुसऱ्या वर्षी १ मे मुलांविना गेला. प्रगतिपुस्तके मी बंद शाळेत एकटीने बसून लिहिली, आणि ती लिहिताना मनात जे आले ते आपल्या वृत्तपत्राद्वारे शिक्षण विभागापर्यंत आणि पालकांपर्यंत पोहोचावे, यासाठी हे पत्र.

माझ्या पहिलीच्या वर्गात जून २०२० मध्ये सात मुलांची नावे दाखल झाली. त्या सातांपैकी एकही मूल संपूर्ण वर्षात एक दिवससुद्धा वर्गात बसलेले नाही. फळ्याकडे तोंड करून कसे बसायचे, हजेरीला ‘उपस्थित’ कसे म्हणायचे, शेजारच्याची पाटी न पुसता आपली कशी पुसायची, यातले काहीही त्यांना ठाऊक नाही. तरीही त्यांच्या प्रगतिपुस्तकांवर मी ‘वर्गोन्नत’ असा शेरा लिहिला आहे, आणि येत्या जूनमध्ये ती मुले दुसरीची मुले म्हणून ओळखली जातील.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते की, पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना वरच्या वर्गात घालण्याचा जो निर्णय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी ३ एप्रिल २०२१ रोजी जाहीर केला, त्याला माझा विरोध नाही. जे शिकवलेच गेले नाही त्याची परीक्षा घेऊन लहान मुलाला नापास ठरवणे हा अन्याय झाला असता, आणि शिक्षण हक्क कायद्याचा हेतूही तो नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, हा शेरा मुलाला पुढे पाठवतो, पण ते मूल नेमके कुठे उभे आहे हे सांगत नाही. ते सांगणारी दुसरी कोणतीही नोंद आज प्रगतिपुस्तकावर नाही. जूनमध्ये दुसरीचे पुस्तक त्याच्या हातात पडेल, आणि ते पुस्तक हे गृहीत धरून चालते की मुलाला काना, मात्रा, वेलांटी येते.

हे कसे घडले, याची उजळणी थोडक्यात करते. मार्च २०२० च्या मध्यास शाळा बंद झाल्या, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि त्या वर्षीची दुसऱ्या सत्राची परीक्षा झालीच नाही. दहावीचा भूगोलाचा पेपरसुद्धा रद्द करावा लागला. जून २०२० मध्ये नवे वर्ष ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या घोषवाक्याखाली सुरू झाले. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारीपासून अनेक जिल्ह्यांत भरू लागले, आणि दुसऱ्या लाटेत तेही पुन्हा बंद पडले. पहिली ते चौथीची पाळी मात्र आलीच नाही. लहान मुलांना मुखपट्टी आणि अंतर पाळणे जमणार नाही ही भीती रास्त होती, आणि ती मी मान्य करते. पण ज्या वयात मूल शिक्षकाच्या समोर बसल्यावाचून शिकूच शकत नाही, त्याच वयाच्या मुलांना सर्वांत जास्त काळ शिक्षकापासून दूर राहावे लागले, हेही तितकेच खरे आहे.

मोठ्या मुलाला मोबाइलवर एखादा पाठ समजावून सांगता येतो, कारण त्याला वाचता येते. पहिलीचे मूल तर वाचायलाच शिकत असते. अक्षराचा आवाज काढताना त्याचे ओठ कसे हलतात ते पाहावे लागते, ‘ब’ आणि ‘व’ यांत त्याची गफलत होत असेल तर तिथेच थांबावे लागते, पेन्सिल धरलेला हात हातात घेऊन वळण गिरवून घ्यावे लागते. माझ्या दोन वर्गांतील पंधरा मुलांपैकी इंटरनेट चालणारा फोन सहा घरांत होता. तो वडिलांचा फोन, आणि वडील सकाळी घर सोडत ते रात्री परतत. गावागावांतले सर्वेक्षण करणाऱ्या ‘असर’च्या सप्टेंबर २०२० च्या पाहणीनुसार, ग्रामीण भारतात शाळकरी मुले असलेल्या घरांपैकी सुमारे ६२ टक्के घरांत स्मार्टफोन होता, जो दोनच वर्षांपूर्वी सुमारे ३६ टक्के घरांत होता. ही वाढ मोठी आहे. पण त्याच पाहणीत, चौकशी केलेल्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले जेमतेम एक तृतीयांश निघाली. घरात फोन असणे आणि त्यावर मूल शिकणे यांत केवढे अंतर आहे, ते माझ्या गटावर येणाऱ्या गृहपाठाच्या छायाचित्रांतून रोज दिसे. कित्येकदा ते अक्षर मुलाचे नसून त्याच्या थोरल्या बहिणीचे असे. मी त्या बहिणीला दोष देत नाही. सातवीतली ती मुलगी धाकट्या भावाचा अभ्यास बुडू नये म्हणूनच ते लिहीत होती.

सह्याद्री वाहिनीवरील पाठ ज्यांच्याकडे दूरदर्शन संच होता त्यांनी पाहिले. आम्ही दोघे शिक्षक आठवड्यातून दोनदा वस्तीवर जाऊन ओसरीवर चार-चार मुलांना बसवत असू. त्या ओसरीवरचा एक प्रसंग मला विसरता येत नाही. पहिलीतल्या एका मुलीने पाठ्यपुस्तक मांडीवर घेऊन एक कविता अखंड म्हणून दाखवली, बोट ओळीवरून फिरवत, अगदी चालीवर. तिच्या आजीला फार आनंद झाला. मी तिला त्याच ओळीतला ‘पाणी’ हा शब्द दाखवायला सांगितला. तिने आधी एका शब्दावर बोट ठेवले, मग दुसऱ्यावर, आणि मग माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. कविता तिला ऐकून पाठ होती, आणि अक्षरे तिच्यासाठी अजून चित्रेच होती. मूल अतिशय हुशार आहे. तिला वाचायला शिकवण्यासाठी जेवढे दिवस लागतात, तेवढे दिवस मी तिला देऊ शकले नाही.

दुसरीच्या मुलांची अडचण वेगळी आहे. शाळा बंद झाली तेव्हा ती पहिलीत होती आणि नुकती शब्द जोडून वाचू लागली होती. जे आले होते तेही सरावाअभावी गेले. अझीम प्रेमजी विद्यापीठाने पाच राज्यांतील १,१३७ शाळांमधील १६,०६७ मुलांचा अभ्यास करून यंदा निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत सरासरी ९२ टक्के मुलांनी आधीच्या वर्षी आत्मसात केलेले भाषेचे किमान एक कौशल्य, आणि ८२ टक्के मुलांनी गणिताचे किमान एक कौशल्य गमावल्याचे आढळले. या पाच राज्यांत महाराष्ट्र नाही, पण माझ्या वर्गाचा अनुभव यापेक्षा निराळा नाही. ही मुले जूनमध्ये तिसरीत जातील. तिसरीत परिसर अभ्यास हा स्वतंत्र विषय सुरू होतो आणि गणितातली उदाहरणे वाक्यांत येतात. ज्याला वाक्य वाचता येत नाही त्याला बेरीज येत असूनही ते उदाहरण सुटणार नाही, आणि मग त्याला गणित येत नाही असे आपण म्हणू.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांविषयीही लिहिले पाहिजे, कारण आमच्या भागात तो वेगळा काढून ठेवण्याचा विषय नाही. एरवी आई-वडील कारखान्यावर गेले तरी आजी-आजोबांपाशी मूल मागे ठेवा, शाळा बुडवू नका, असे आम्ही दारोदार जाऊन सांगतो, आणि बरेच जण ऐकतात. यंदा शाळाच बंद असल्यामुळे काय म्हणून सांगायचे हा आम्हालाच प्रश्न पडला. माझ्या पंधरांपैकी तीन मुले दिवाळीच्या सुमारास फडावर गेली आणि आत्ता परतली आहेत. गृहभेटी, फोन, कशातच ती नव्हती. त्यांच्याही प्रगतिपुस्तकावर इतरांसारखाच तोच शेरा आहे.

शिक्षकांनी वर्षभर काय केले, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात असेल. आम्ही तपासणी नाक्यांवर उभे राहिलो, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर फिरून तापमान आणि ऑक्सिजनची पातळी नोंदवली, जानेवारीत ग्रामपंचायत निवडणुकीचे काम केले, पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळी मोजून घरोघरी पोहोचवल्या. संकटात ही कामे कोणी तरी करायलाच हवी होती आणि आमच्यापैकी बहुतेकांनी ती मनापासून केली. काही सहकाऱ्यांना त्यात संसर्ग झाला, आणि आमच्या तालुक्यातील दोघे आज आपल्यात नाहीत. तक्रार म्हणून मी हे लिहीत नाही. पण ज्या दिवशी मी सर्वेक्षणाला जात असे त्या दिवशी ओसरीवरची शाळा भरत नसे, आणि असे दिवस भरण्याच्या दिवसांपेक्षा जास्त झाले, हा हिशेब कुठे तरी मांडला गेला पाहिजे.

आता उन्हाळी सुट्टी १३ जूनपर्यंत आहे. नवे वर्ष १४ जूनला, विदर्भात २८ जूनला, सुरू होईल असे परिपत्रक आहे. त्या दिवशी मुले वर्गात येतील की नाही हे साथीवर अवलंबून आहे, पण काही गोष्टी साथीवर अवलंबून नाहीत आणि त्या आत्ताच ठरवता येतील. पहिली म्हणजे, ‘वर्गोन्नत’ या शेऱ्यासोबत प्रत्येक मुलाला आज काय येते याची साधी, खरी नोंद ठेवण्याची मुभा आणि सूचना शिक्षकांना मिळावी. अक्षरे ओळखतो, शब्द वाचतो, वाक्य वाचतो, वीसपर्यंत वस्तू मोजतो, एवढी चार-पाच वाक्ये पुरेत. ही नोंद गुणांसाठी नसावी, शाळांची तुलना करण्यासाठी तर मुळीच नसावी. अन्यथा आम्हीच भीतीपोटी ती सुशोभित करून लिहू, हे मी माझ्या वीस वर्षांच्या नोकरीच्या अनुभवावरून सांगते.

यातून पुढे आपोआप येणारी मागणी अशी की, नव्या वर्षाचे पहिले काही महिने नव्या पाठ्यपुस्तकाच्या मागे धावण्यासाठी न ठेवता मागे राहिलेले शिकवण्यासाठी अधिकृतपणे मोकळे ठेवावेत. गेल्या वर्षी अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला गेला, पण धडे कमी केल्याने वाचता न येणाऱ्या मुलाला वाचता येत नाही. त्याला लागतो तो वेळ. किती महिने, हे मुंबई-पुण्यात बसून एकच आकडा ठरवण्यापेक्षा शाळेने आणि केंद्रप्रमुखांनी मिळून ठरवावे. पहिली-दुसरी शिकवणाऱ्या शिक्षकांना निदान त्या काळात इतर कोणत्याही कामावर नेमू नये, ही विनंती मी विशेष आग्रहाने करीत आहे. एका गावात असा शिक्षक एकच असतो, आणि तो गेला की वर्ग बंद होतो.

शाळा उघडण्याच्या बाबतीतही सगळ्या राज्याला एकच फूटपट्टी लावली जाऊ नये. शहरात एका वर्गात साठ मुले असतात, आमच्या अख्ख्या शाळेत सत्तावीस. गावात रुग्ण नसेल, ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समिती लेखी ठराव देत असेल, पालक तयार असतील, तर लिंबाच्या झाडाखाली सहा-सहा मुलांना दिवसाआड बसवायला अडचण नसावी. रुग्ण सापडला तर त्याच दिवशी बंद करता येईल. सध्या आमच्या गावातही घरोघरी ताप आहे, आणि आज कोणी शाळा उघडा म्हटले तर मीच नको म्हणेन. मात्र लाट ओसरल्यावर हा निर्णय गावाला घेता यावा यासाठीचा नियम आत्ताच तयार असावा, म्हणजे परवानगीच्या कागदाची वाट पाहण्यात पुन्हा जुलै-ऑगस्ट जाणार नाही.

पालकांनाही एक सांगणे आहे. प्रगतिपुस्तक घरी येईल तेव्हा शेरा वाचून ते कपाटात ठेवू नका. मुलाला शेजारी बसवून पुस्तकातला कोणताही शब्द दाखवायला सांगा. त्याला तो दाखवता आला नाही तर रागावू नका, मला येऊन सांगा. शाळेची इमारत विलगीकरणासाठी घेतली गेली, तरी मी १४ जूनला गावातच असेन. त्या मुलीच्या आजीला मी तसा शब्द दिला आहे, ‘पाणी’ या शब्दापासूनच आम्ही दोघी सुरुवात करणार आहोत.

आपली विश्वासू,
एक जिल्हा परिषद शिक्षिका
मे २०२१