बाबा, तिथे गेल्यावर "बरा आसा" म्हणू नका

ती. आई-बाबांस सा. न.

व्हॉट्सॲपवर लांब मेसेज टाकला की बाबा न वाचताच अंगठा पाठवतात आणि फोनवर सांगायला गेलं की "बरा बरा" करून फोन आईच्या हातात देतात, म्हणून प्रिंट काढून बंड्यासोबत हे पत्रच पाठवतेय. दोघांनी वाचा, बाबांनी चष्मा लावून वाचा. म्हापशाच्या ऑस्टिओपॅथी क्लिनिकची अपॉइंटमेंट येत्या मंगळवारी सकाळी साडेदहाची मिळालीये, बंड्या गाडी घेऊन येईल, बांद्यावरून हायवेने गेलात तर तास-दीड तासात पोचाल. एसटीने जातो वगैरे सुरू करू नका, ज्या कंबरेसाठी चाललोय तीच वाटेत हादरवून घ्यायची का?

बाबा, तुम्ही विचारलं होतं की हे ऑस्टिओपॅथी म्हणजे होमिओपॅथीसारखं गोळ्यांचं काही आहे का. नाही. गोळ्या नाहीत, इंजेक्शन नाही, सगळं हाताने. स्नायू, सांधे, मणके हाताने तपासायचे, कुठे आखडलंय ते बघायचं, दाबून ताणून मोकळं करायचं आणि पुढे घरी करायचे व्यायाम शिकवायचे. ॲन्ड्रू टेलर स्टिल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८७४ साली ही पद्धत मांडली आणि १८९२ ला मिसुरी राज्यात कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं. आता अमेरिकेत ही पदवी घेतलेला माणूस पूर्ण डॉक्टर असतो, औषधं लिहितो, ऑपरेशनंही करतो, इंग्लंडमध्ये मात्र तो मुख्यतः हातानेच उपचार करतो आणि तिथे १९९३ च्या कायद्यानुसार रजिस्ट्रेशन केल्याशिवाय कुणाला स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेता येत नाही. आपल्याकडे पाटीवर तोच शब्द असला तरी आत बसलेला माणूस किती शिकलाय ते पाटीवरून कळत नाही. बरेचजण मुळात फिजिओथेरपिस्ट असतात आणि पुढे हे शिकतात, ते ठीकच आहे, पण कुणी चार-पाच वर्षं शिकलेला असतो आणि कुणी शनिवार-रविवारचं वर्कशॉप करून आलेला. डब्ल्यूएचओने २०१० साली याचा एक मापदंड छापलाय, त्यात नव्याने शिकणाऱ्यासाठी ४२०० तासांचं शिक्षण धरलंय आणि त्यातले किमान १००० तास देखरेखीखाली पेशंट तपासण्याचे. तेव्हा कुठे शिकलात, किती वर्षं शिकलात हे सरळ विचारा. मी फोनवर विचारलंय, उत्तर समाधानकारक मिळालं म्हणूनच तिथे पाठवतेय, तरी तुम्ही परत विचारा. त्यात अपमान कसला, तुम्ही काजूचा व्यापारी निवडताना त्याच्या चार पिढ्या काढता.

पहिल्या वेळेला पाऊण तास, कदाचित एक तास लागेल आणि त्यातला निम्मा वेळ नुसत्या बोलण्यात जाईल. हे मुद्दाम सांगतेय कारण तुम्ही वैतागणार आणि घरी येऊन म्हणणार की बोलायचेच पैसे घेतले. पण त्या बोलण्यावरच सगळं ठरतं. कधीपासून दुखतंय, सकाळी उठल्यावर जास्त की संध्याकाळी, पायात उतरतं का, मुंग्या येतात का, झोप लागते का, आधी कधी पडलात का, ऑपरेशनं कुठली झाली, गोळ्या कुठल्या चालू आहेत, दिवसभर काय काम करता. आणि बाबा, मला नीट माहितीये तिथे काय होणार. समोरचा माणूस अदबीने विचारणार काय होतंय काका, आणि तुम्ही खुर्चीत ताठ बसून म्हणणार "तसा काय नाय, बरा आसा, पोरगी ऐकत नाय म्हणान इलंय." आणि तिथून बाहेर पडल्यापासून वेंगुर्ल्यात शिरेपर्यंत आईचं डोकं खाणार कंबर कशी ठणकतेय म्हणून. तुम्ही आयुष्यभर डॉक्टरांसमोर असंच केलंय. अँजिओप्लास्टीच्या आधी पण छातीत दुखतंय हे तुम्ही सांगितलंच नव्हतं, आईने सांगितलं. यावेळेला तसं करू नका, हात जोडून सांगते, कारण हा माणूस प्रत्यक्ष तुमच्या मणक्यावर हात ठेवून जोर देणार आहे, त्याला जे माहीत नसेल ते तो सांभाळणार कसं?

या तीन गोष्टी तुम्ही स्वतः आधी सांगायच्या, त्याने विचारायची वाट बघायची नाही. एक, स्टेंट बसवलाय आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. अशा माणसाला जोराने दाबलं की आतल्या आत रक्तस्राव व्हायचा धोका असतो, त्यामुळे झटका देऊन मणका मोकळा करायचा प्रकार तुमच्या बाबतीत टाळायचा. आणि क्लिनिकला जायचंय म्हणून ती गोळी एक दिवसही बंद करायची नाही, कुणी सांगितलं तरी नाही, ते फक्त हार्टचे डॉक्टर ठरवणार. दोन, गेल्या पावसात विहिरीपाशी शेवाळावर घसरून बसकण आदळली होती ते. (आईने सांगितलं मला, तिच्यावर चिडू नका.) तीन, काजूच्या सीझनला बिया वेचायला तासन्‌तास वाकलेले असता आणि मग घमेलं उचलताना गुडघ्यात न वाकता कंबरेतूनच उचलता, हे सगळं. "शेती आहे थोडी" एवढ्यावर भागवू नका.

बोलून झालं की तपासणी. उभं करतील, पुढे मागे वाकायला लावतील, चालून बघायला सांगतील, पाय उचलून बघतील, हातोडीने गुडघ्यावर टिचकी मारतील. मणके एकेक करून बोटांनी चाचपतात. पाठ बघायला शर्ट काढायला सांगतील, त्यात काही वावगं नाही, पण कशासाठी ते आधी सांगायला हवं आणि नको वाटलं तर नाही म्हणता येतं. सैल कपडे घाला, ती टाईट बेल्टची पँट नको. आई, तू साडी नेसून जाऊ नकोस, पंढरपूरला जाताना घेतलेला तो पंजाबी ड्रेस घाल, कारण मला पक्कं माहितीये की बाबांचं झालं की तू "आता माझी मान पण बघा जरा" म्हणणार आहेस. बघू दे, पण तपासताना बाबांना खोलीतच थांबायला सांग, किंवा तिथली बाई असिस्टंट बोलव, अगदी बिनधास्त सांगायचं.

मग प्रत्यक्ष उपचार. माझा खांदा लॅपटॉपमुळे धरला होता तेव्हा मी ठाण्यात एकीकडे जात होते त्यावरून सांगते. आधी स्नायू दाबून चोळून सैल करतात, मालिशपेक्षा हळू पण खोल, एका जागी बोट ठेवून थांबतात आणि श्वास सोडा म्हणतात, आणि खरंच श्वास सोडताना ती गाठ बोटाखाली विरघळल्यासारखी वाटते. मग सांधा धरून हळूहळू सगळीकडे फिरवतात. एक प्रकार असा की ते तुमचा पाय एका बाजूला धरणार आणि तुम्ही उलट्या बाजूला त्यांच्या हातावर जोर लावायचा, अगदी थोडा, मग सोडायचा, की पाय आधीपेक्षा जास्त वळतो. बाबा, थोडा म्हणजे थोडा, ताकद दाखवायला जाऊ नका. आणि एक प्रकार तो, कट्‌कन आवाज येणारा. त्या आवाजाचं लोकांना भारी अप्रूप, हाड जागेवर बसलं म्हणतात. हाड काही जागेवरून हललेलं नसतं, सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा होतो त्याचा आवाज असतो, बोटं मोडताना येतो तसाच. आवाज आला नाही म्हणजे उपचार झाला नाही असं काही नसतं. तुम्हा दोघांनाही तो प्रकार नकोच, बाबांचं कारण वर लिहिलंय आणि आईची हाडं ठिसूळ आहेत, डेक्सा स्कॅनचा रिपोर्ट फाईलमध्ये आहे तो दाखवा. ठिसूळ हाडाला झटका दिला तर मणका दबून फ्रॅक्चर होऊ शकतं.

आई, मानेचं तर तू नीट लक्षात ठेव. मान गर्रकन वळवून झटका द्यायला कुणी लागलं तर हात धर आणि नको म्हण, क्लिनिकवाला असो नाहीतर सलूनवाला. क्वचित होतं पण मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन स्ट्रोक आल्याच्या केसेस आहेत. विळीवर बसून खाली मान घालून दोन-दोन नारळ खवतेस त्याने मान धरलीये तुझी, त्याला सावकाश स्ट्रेचिंग आणि टेबलावरची खवणी पुरे, ती मी मागवलीये.

हे लिहिताना बाबांची ती उसण आठवली. पाठीत उसण भरली की वाडीतल्या त्या पायाळू पोराला बोलावून ओटीवर उपडं झोपायचं आणि त्याने पाठीवर लाथ मारायची, सगळी आळी बघायला जमायची. लहानपणी मजा वाटायची आणि तुम्हाला बरं पण वाटायचं, मी ते नाकारत नाही, उसण तशीही दोन-चार दिवसांनी आपोआप जातेच. पण आता स्टेंट आहे, सत्तरी आलीये, आता लाथ नको, अगदी प्रेमाची सुद्धा नको. महानारायण तेल खुशाल लावा.

फरक किती पडेल? खरं सांगायचं तर जादू नाही. कंबरदुखीला हाताच्या उपचारांनी काहींना थोडा आराम पडतो. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनात २०१६ मध्ये म्हटलंय की असे उपचार द्यायचे असतील तर व्यायामाच्या जोडीनेच द्या, नुसते नकोत. म्हणजे तिथून कागदावर जे व्यायाम लिहून देतील तेच खरं औषध, आणि तोच कागद बाबा पंचांगात खुपसून ठेवणार. आई, तो फ्रीजवर चिकटव. क्लिनिकमधून आल्यावर एखाद-दोन दिवस अंग दुखेल, पहिल्यांदा नांगर धरल्यासारखं, त्याला घाबरू नका, लगेच बागेत शिंपायला पण जाऊ नका, घरातल्या घरात चालत राहा. पण पायातली ताकद गेल्यासारखी वाटली, लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, किंवा मानेला हात लावून घेतल्यानंतर अचानक जोरात डोकं-मान दुखायला लागली, चक्कर आली, जीभ जड झाली, दोन-दोन दिसायला लागलं, तर क्लिनिकला फोन करत बसू नका, रात्र असली तरी गाडी काढा, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नाहीतर जवळ जे मोठं हॉस्पिटल असेल तिथे. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, विनाकारण वजन उतरणं, यातलं काही असेल तर ते पण आधीच सांगा, ते कंबरेचं दुखणं नसून दुसरंच काही असू शकतं आणि चांगला माणूस असेल तर तो हात न लावता डॉक्टरकडे पाठवतो. तसं पाठवलं तर पैसे फुकट गेले म्हणू नका.

डोक्याला नुसता हलका हात लावून कवटीची हाडं सरकवतो म्हणणारा पण एक प्रकार असतो, त्याने काही फायदा होतो याला धड पुरावा नाही, तो नको म्हणा. शुगर, बीपी, थायरॉइड बरं करतो असं कुणी म्हणालं तर हसून उठा. आणि पैशाचं, फी किती ते आत जायच्या आधी काउंटरवर विचारा आणि दहा सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरू नका. माझ्याकडून एकांनी असेच पैसे घेतले, खांदा लवकर बरा झाला तर उरलेले परत द्यायला तयार नाहीत, "पॉलिसी आहे मॅडम" म्हणे. दर वेळचे त्या वेळी द्यायचे, तीन-चार वेळा जाऊन काडीचा फरक नसेल तर बंद करायचं, आणि कंबर बरी झाल्यावरही दर महिन्याला या असं म्हणायला लागले तर कशासाठी ते विचारायचं.

फाईल न्या, जुना एमआरआय न्या, गोळ्यांची नावं लिहायच्या भानगडीत न पडता सगळी पाकिटंच पिशवीत टाकून न्या. आत गेलात की मला व्हिडिओ कॉल लावा म्हटलं असतं पण बाबा मग कॅमेऱ्याकडे बघूनच बोलतात, तेव्हा नको. आईने आत बसायचं आणि बाबा "बरा आसा" म्हणाले की लगेच खरं काय ते सांगायचं, तेवढी परवानगी बाबांनी आत्ताच द्यावी. झालं की म्हापशात जेवून घ्या, शुक्रवार नसल्यामुळे बाजाराला गर्दी नसेल, पण बाबा, चोरीस सॉसेजची पिशवी तुम्ही उचलायची नाही, बंड्या उचलेल.

तुमची,
सुमी