तृतीयपंथीयांची आत्मकथने आणि सार्वजनिक ग्रंथालये : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

सार्वजनिक ग्रंथालये आपल्या खात्याच्या अखत्यारीत येतात, म्हणून हे पत्र सामाजिक न्याय मंत्र्यांऐवजी आपल्याला लिहीत आहे.

तृतीयपंथीयांच्या बहिष्काराचे मूळ अशिक्षितपणात आहे, असे व्यासपीठांवरून वरचेवर ऐकू येते. तृतीयपंथी लेखिका लिव्हिंग स्माइल विद्या यांचे 2007 मध्ये तमिळमध्ये आलेले आत्मकथन वाचले की या समजुतीत फारसे तथ्य उरत नाही. भाषाशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या विद्या यांना पुण्यात येऊन रेल्वेच्या डब्यांत हात पसरावा लागला. याउलट ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ या 2012 च्या मराठी आत्मकथनात लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांना सोसावे लागलेले पुष्कळ काही आहे, पण घरच्यांनी त्यांना तोडले नाही. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तर घराचे दार उघडे राहणे हे पदवीपेक्षा मोठे भांडवल ठरते, असे माझे मत झाले आहे.

सोलापुरात बहिष्काराची रीत आणखी वेगळी. इथल्या जोगत्यांत, म्हणजे यल्लमा देवीला वाहिलेल्या भक्तांत, अनेक जण तृतीयपंथी आहेत. यल्लमाचा जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) डोक्यावर घेऊन जोगता दारात आला की आयाबाया हळदकुंकू वाहतात, परडीत जोगवा घालतात, पायाही पडतात. तोच दुसऱ्या दिवशी भाड्याची खोली विचारायला आला, तर ‘कालच गेली’ असे उत्तर मिळते. (देवीला चालणारा माणूस घरमालकाला चालत नाही!) खोली नाही म्हणून भाडेकरार नाही, आणि रहिवासाचा पुरावा नाही म्हणून वाचनालयाचे सभासदत्वही नाही. शहरातील एका वाचनालयाचा अर्ज मी पाहिला. त्यात स्त्री आणि पुरुष असे दोनच रकाने होते आणि खाली ओळख देणाऱ्या जुन्या सभासदाची सही मागितली होती. ज्याला शेजारी ओळख दाखवत नाहीत, त्याने ती सही कोणाकडून आणावी?

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीय लिंगाला मान्यता दिली आणि 2019 च्या कायद्याने सार्वजनिक सुविधांमधील भेदभावाला मनाई केली. तरीही अर्जाचे नमुने जुनेच चालू आहेत. ते बदलण्यासाठी एक परिपत्रक पुरेसे आहे : तृतीयपंथीयांना जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेले ओळखपत्र पुरावा म्हणून चालावे आणि ओळखीच्या सहीची अट काढावी.

पुस्तकांचे काम मात्र सवडीने आणि विचारपूर्वक व्हावे. ग्रंथालय संचालनालयाने ही आत्मकथने ग्रंथखरेदीच्या यादीत घ्यावीत, आणि मराठीबरोबरच कन्नड, तेलुगू व उर्दू बोलल्या जाणाऱ्या या शहरासाठी त्या भाषांतील प्रतीही मागवाव्यात. शिवाय आमच्याकडच्या जोगत्यांची आयुष्ये बहुतांशी लिहिली गेलेलीच नाहीत. ती त्यांच्या तोंडून, त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून घेण्याचे काम विद्यापीठाच्या मराठी विभागाकडे सोपवता येईल. मात्र त्यासाठी वेळ देणाऱ्या प्रत्येकाला मानधन द्यावे, कारण त्या दिवशी त्यांचे मागणे बुडणार आहे.

आपला,
एक निवृत्त मराठी प्राध्यापक, सोलापूर