सत्कार झाला, चेंज रिपोर्टचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण सरला की आपल्याकडे संस्थांच्या वार्षिक सभांचा हंगाम लागतो. तपासलेली हिशेबपत्रके धर्मादाय कार्यालयाला सादर करण्याची मुदत 30 सप्टेंबर. त्यामुळे वाचनालय, तालीम, वसतिगृह, पाणलोटाचे काम करणारे मंडळ, सगळ्यांच्या नोटिसा एकाच पंधरवड्यात निघतात. नवे मंडळ निवडले जाते, नारळ-शाल होते, दोन दिवसांनी आपल्या दैनिकात फोटो येतो. फोटोतल्या अकरा जणांपैकी किती जणांची नावे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल अर्ज, देऊन धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी लागली आहेत, हे मात्र कुणी विचारत नाही. सातारा-सांगलीतल्या गावसंस्थांची दफ्तरे पाहताना जे पुन्हा पुन्हा आढळते, ते सभांच्या तोंडावर लिहिलेले बरे, म्हणून हे पत्र.

आपल्याकडची बहुतेक संस्था दोन कायद्यांखाली नोंदलेली असते: 1860 चा संस्था नोंदणी अधिनियम आणि 1950 चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. दुसऱ्या नोंदणीला लोक 'एफ नंबर' म्हणतात. या नोंदणीची जी नोंदवही असते तिच्या उताऱ्याला परिशिष्ट एक म्हणतात. विश्वस्त कोण, स्थावर मालमत्ता कोणती, हे त्यात लिहिलेले असते. गावाच्या लेखी अध्यक्ष कुणीही असो, कायद्याच्या लेखी अध्यक्ष तो, ज्याचे नाव त्या उताऱ्यात आहे. कित्येक संस्थांच्या उताऱ्यावर आजही पंचवीस वर्षांपूर्वीची यादी आहे आणि तीतले निम्मे लोक कैलासवासी झाले आहेत.

त्यामुळे अडते ते ऐन कामाच्या वेळी. बँक खात्यावरच्या सह्या बदलून देत नाही. सीएसआरचा, म्हणजे सामाजिक दायित्वाचा, निधी देणारी कंपनी अद्ययावत उतारा मागते आणि तिथेच फाइल थांबते. संस्थेला जागा द्यायला निघालेला माणूस नोंदणी कार्यालयातून परत येतो, कारण संस्थेतर्फे सही करायचा अधिकार कुणाला, हे कागदावर ठरत नाही.

यावरचा उपाय 1950 च्या कायद्याच्या कलम 22 मध्ये आहे. विश्वस्त बदलल्यापासून 90 दिवसांत बदल अर्ज, म्हणजे सगळे ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो, परिशिष्ट तीनच्या नमुन्यात दाखल करायचा. सोबत सभेची नोटीस, ती प्रत्येकाला पोहोचल्याचा पुरावा, हजेरी, ठरावाची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे, जुन्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले, घटनेची प्रत आणि प्रतिज्ञापत्र लावायचे. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज आणि विलंबाचे खरे कारण द्यायचे. 'नजरचुकीने राहिले' एवढ्यावर भागेलच असे नाही.

यात सर्वांत कच्चा दुवा नोटिशीचा. सभा होते, ठराव होतो, पण नोटीस पोहोचल्याचा कागद नसतो. मग विरोधी गटातला एखादा सभासद हरकत घेतो, 'मला नोटीस मिळालीच नाही', आणि अर्ज वर्षानुवर्षे लोंबकळतो. तो लोंबकळला की पुढच्या निवडीचे अर्जही त्याच्या मागे रांगेत उभे राहतात, कारण आधीचे मंडळच वैध ठरले नसेल तर त्याने बोलावलेली सभा वैध कशी? म्हणून गावातल्या सभासदांसाठी नोटीस वही ठेवून तारखेसह सही घ्यावी, परगावच्यांना स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पावत्या त्याच वहीत चिकटवाव्यात. घटनेत 15 दिवसांची नोटीस लिहिली असेल तर पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरू नये. व्हॉट्सअॅपवर नोटीस जरूर टाकावी. पण घटनेत तशी तरतूद नसेल तर तिच्या भरवशावर राहू नये.

दुसरी खोड विषयपत्रिकेच्या शेवटच्या ओळीची. 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' ही ओळ आभाराच्या ठरावासाठी ठीक आहे. तिच्याखाली जमीन खरेदी, सभासदाची हकालपट्टी आणि घटनादुरुस्ती उरकलेली इतिवृत्ते पाहायला मिळतात. जो विषय नोटिशीत नव्हता, त्यावरचा ठराव आव्हान दिल्यावर सहसा टिकत नाही. कोरमअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरवण्याची पद्धतही घटनेत असेल तरच वापरता येते, आणि तीही पत्रिकेवरच्या विषयांपुरती.

आता प्रोसिडिंग बुक उघडू. दोन सभांच्या मध्ये अर्धे पान कोरे असते. विचारले तर उत्तर मिळते, 'असू द्या, पुढेमागे एखादा ठराव घालावा लागला तर.' हजेरीच्या पंधरा सह्या एकाच निळ्या शाईच्या, एकाच बसक्या वळणाच्या. सूचक आणि अनुमोदक दर सभेला तेच दोघे, त्यातला एक त्या तारखेला पंढरीच्या वारीत. असे बुक वकिलाने हातात घेतले की पाच मिनिटांत संस्था उघडी पडते. वही नवी असतानाच सर्व पानांवर आकडे घालावेत. इतिवृत्त संपेल तिथे आडवी रेघ मारून अध्यक्षांची तारखेसह सही घ्यावी. पुढच्या सभेत 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा पहिला विषय खरोखर वाचून करावा. यात दहा मिनिटे जातात.

पैशाच्या बाबतीत चोरीपेक्षा सोयच अधिक घात करते. कोषाध्यक्ष ऊसतोडीच्या गडबडीत असतो, म्हणून आख्खे चेकबुक सही करून सचिवाच्या कपाटात ठेवतो. मग दोन सह्यांची अट असून नसल्यासारखी. त्याऐवजी तीन सह्या नोंदवून त्यांतल्या कोणत्याही दोन चालतील असा ठराव करावा, आणि तिघांपैकी निदान दोघे गावात राहणारे असावेत. खानापूर, आटपाडी, तासगाव भागात ही अडचण फार. तिथले गलाई बांधव, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचा धंदा करणारे, देशभर पांगलेले, देणगीला हात सैल, म्हणून त्यांनाच पदाधिकारी करतात आणि एका सहीसाठी चेक कोइमतूरला जाऊन येतो. पाटण, जावळीकडे तीच गत मुंबईकरांची. अशा मंडळींना विश्वस्त जरूर करावे, पण सह्यांचे अधिकार गावात ठेवावेत आणि ज्या सभेला त्यांची उपस्थिती हवी ती यात्रेला जोडून घ्यावी, तेव्हा सगळे गावात असतात.

देणगीचे पावतीपुस्तक छापतानाच क्रमांक घालून घ्यावे. चुकलेली पावती फाडून टाकू नये. दोन्ही प्रतींवर 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवावी. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला आयकराची सवलत मिळत नाही, हे पैसे घेण्याआधीच सांगावे, नाहीतर मार्चमध्ये भांडण होते. 5000 रुपयांवरच्या रोख खर्चाच्या व्हाउचरवर एक रुपयाचे महसूल तिकीट लावून त्यावर आडवी सही घ्यावी. एका दिवसात एकाच माणसाला 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर आयकराच्या हिशेबात तो खर्च धरला जात नाही, आणि जेसीबीवाल्याचे बिल नेमके असेच भागवलेले असते. ठरावीक कामासाठी आलेला निधी 'तात्पुरता' पगाराला वापरणे ही त्याहून वाईट सवय. निधी कशावर खर्चला याचा विनियोग दाखला देताना तो खड्डा झाकत नाही.

जेसीबीचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबू. माण, खटाव, जत, कवठे महांकाळ भागात गावसंस्थांचा मोठा खर्च गाळ काढण्यावर होतो, आणि यंत्र बहुधा एखाद्या विश्वस्ताचे किंवा त्याच्या भावकीतल्या कुणाचे असते. त्यात गैर काही नाही, गावात यंत्रे असतात किती? पण दर ठरवताना त्या विश्वस्ताने खोलीबाहेर जावे आणि तसे इतिवृत्तात लिहावे. इतर दोन यंत्रांचे दर लेखी घ्यावेत. काम तासावर असेल तर यंत्राच्या अवर मीटरचे सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मापावर असेल तर खोली एका जागी न मोजता पाच-सहा जागी मोजून सरासरी धरावी. तळे 40 मीटर लांब, 25 मीटर रुंद आणि सरासरी 1.2 मीटर खोल उपसले, तर गाळ 1200 घनमीटर, म्हणजे सुमारे 424 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). पण तळातला दबलेला गाळ सुटा झाला की फुगतो, म्हणून ट्रॉल्यांची बेरीज याहून बरीच जास्त भरते. बिल ट्रॉलीच्या ब्रासवर आणि अंदाजपत्रक खड्ड्याच्या ब्रासवर, एवढ्याशा गोंधळातून चांगली माणसे एकमेकांना चोर म्हणू लागलेली आहेत. ब्रास कोणता धरायचा, हे यंत्र लावण्याआधी ठरावात लिहावे.

मालमत्तेबद्दल गैरसमज इतका पक्का आहे की वेगळे सांगावे लागते. विश्वस्त मालक नसतात. स्थावर विकायची असेल, बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. गच्चीवरचा मोबाईल टॉवर आणि रस्त्याकडेचे गाळे यात हमखास सापडतात. संस्थेच्या नावाने कर्ज काढतानाही पूर्वपरवानगी लागते. 'सगळ्या विश्वस्तांनी सह्या केल्या आहेत' हे उत्तर होत नाही. तोंडी दिलेल्या गुंठ्यांचे तर नावच नको. देणारा असतो तोवर सगळे गोड, तो गेला की वारसांची नावे सातबारावर चढतात आणि वाचनालयाच्या दाराला कुलूप लागते. बक्षीसपत्र नोंदवावे, सातबारा संस्थेच्या नावे करावा आणि ही मालमत्ता परिशिष्ट एकला लावून घेण्यासाठीही बदल अर्ज करावा. हा तिसरा टप्पा बहुतेक जण विसरतात.

पदभार देण्याघेण्याची पद्धत तर जवळजवळ मोडलीच आहे. पूर्वी किल्ल्या आणि शिक्के दिले की झाले. आता आयकराचे पोर्टल, बँक, स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचे दर्पण पोर्टल, सगळ्यांचे ओटीपी माजी सचिवाच्या खासगी मोबाईलवर जातात. ते सचिव रुसून बसले की संस्थेचे विवरणपत्रही बसते. संस्थेसाठी एक वेगळे सिमकार्ड घ्यावे, रिचार्जचा खर्च हिशेबात दाखवावा आणि ते कार्ड पदासोबत फिरावे. पदभाराच्या यादीत मूळ नोंदणी दाखले, परिशिष्ट एक, पॅन, चेकबुके, पावतीपुस्तके कोरी आणि वापरलेली, डिजिटल सही, पासवर्ड आणि प्रलंबित अर्जांचे क्रमांक असावेत. यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. कृष्णा-वारणाकाठच्या संस्थांना आणखी एक सांगणे: 2019 आणि 2021 च्या पुरात तळमजल्यावरच्या कपाटांतली दफ्तरे लगदा झाली. दफ्तर वरच्या मजल्यावर ठेवावे आणि स्कॅन केलेली प्रत गावाबाहेरच्या एका विश्वस्ताकडेही असावी.

मंडळात महिला असतात, पण बऱ्याच ठिकाणी त्या सहीपुरत्या. वही घरी पाठवली जाते, सभेला यजमान येऊन बसतात आणि मतही देतात. ज्यांचे नाव उताऱ्यात आहे त्यांच्यावर जबाबदारी तितकीच येते, चौकशीची नोटीस वहिनींच्याच नावे निघते, हे त्यांना आधी कुणी सांगतच नाही. मानद म्हणजे मानधन नाही; जबाबदारी नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. उलट बचत गटाची वही सांभाळलेल्या बायका हिशेबाला बसवल्या तर कीर्द रोजच्या रोज लिहिली जाते, असा अनुभव आहे. त्यांना कोषाध्यक्ष करायला मंडळे का कचरतात, ते उघड आहे.

देणगीदारांनीही हात जरा आखडता घ्यायला हवा. कमानीवर नाव मागण्याआधी दोन कागद मागावेत: परिशिष्ट एकचा ताजा उतारा आणि गेल्या वर्षीचे तपासलेले हिशेबपत्रक. ज्या मंडळाला हे आठ दिवसांत देता येत नाही, त्याला देणगी पुढच्या वर्षी द्यावी.

प्रशासनाकडे एक मागणी आहे. जतच्या पूर्व भागातून सांगलीला किंवा म्हसवडकडून साताऱ्याला एका त्रुटीच्या पूर्ततेसाठी जायचे म्हणजे विनावेतन काम करणाऱ्या माणसाचा आख्खा दिवस आणि मजुरी बुडते. ऑक्टोबरनंतर, गळीत हंगाम ऐन भरात येण्याआधी, दोन्ही जिल्ह्यांच्या धर्मादाय कार्यालयांनी जत, विटा, दहिवडी आणि पाटण येथे एकेक दिवसाचे शिबिर घ्यावे. तिथे फक्त प्रलंबित बदल अर्जांच्या त्रुटी सांगाव्यात आणि उताऱ्याच्या नकला द्याव्यात. शिबिराची तारीख पंधरा दिवस आधी आपल्या दैनिकातून जाहीर झाली, तर संस्थांना कागद गोळा करायला वेळ मिळेल.

आपले,
गावसंस्थांची दफ्तरे पाहणारे काही कार्यकर्ते,
विटा, जि. सांगली