अमेरिकेतून आलेलं पाकीट फेकू नका

संपादक साहेब,

कोर्टाची नोटीस म्हटलं की आपल्याकडे पोटात गोळा येतो, नाहीतर मग सरळ फ्रॉड समजून ती रद्दीत जाते. कॅलिफोर्नियात कोणी नातेवाईक वारला तर या दोन्ही गोष्टी करू नका म्हणून लिहितोय.

समजा लग्न न केलेला काका तिकडे गेला आणि आजी-आजोबा नाहीत, आपले वडीलही आधीच गेलेत, तर तिथल्या कायद्याने पुतण्या वारसात येतो आणि मृत्युपत्रात त्याला दमडी ठेवली नसली तरी प्रोबेटची (म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून मंजूर करून घेण्याच्या कामाची) नोटीस त्याला पाठवावीच लागते, निदान सुनावणीच्या 15 दिवस आधी. म्हणजे तुमच्यावर कोणी केस केलेली नसते, हरकत नसेल तर जायचीही गरज नाही.

पेपरात जाहिरात येते तीही वेगळी, पण पत्ता माहीत असताना नुसती जाहिरात देऊन चालत नाही, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1950 च्या मुलेन खटल्यातच सांगून टाकलंय, आणि तो खटला न्यूयॉर्कच्या एका बँकेकडच्या ट्रस्टचाच होता. माझ्या मते बरोबरच आहे, बारीक टायपातल्या जाहिराती वाचतो कोण (तुमच्या पेपरातल्यासुद्धा, राग मानू नका!).

खरी गोम ट्रस्टमध्ये आहे. हल्ली तिकडे बरेच जण लिव्हिंग ट्रस्ट करतात, म्हणजे हयातीतच मालमत्ता ट्रस्टच्या नावावर करून ठेवतात, मग सहसा कोर्टात काही जातच नाही, माणूस गेल्यावर 60 दिवसांच्या आत ट्रस्टीने (म्हणजे ट्रस्ट सांभाळणाऱ्याने) लाभार्थी आणि वारसांना नोटीस पाठवायची असते एवढंच. त्यात ठळक अक्षरात लिहिलेलं असतं की ट्रस्टला आव्हान द्यायचं तर 120 दिवस, आणि हे दिवस नोटीस बजावल्यापासून मोजतात, तुम्ही पाकीट उघडलंत तेव्हापासून नाही. त्यामुळे "दिवाळीत मुलगा आला की बघेल" असं करू नका, आधी ट्रस्टची पूर्ण कॉपी मागवा, मागितली तर ट्रस्टीला ती द्यावी लागते, आणि ते 120 दिवस चालू असताना ती कॉपी तुम्हाला पाठवली किंवा हातात दिली गेली तर त्या दिवसापासून 60 दिवस किंवा मूळ मुदत, जे नंतर संपेल ते धरतात. शंका असेल तर तिथला वकील गाठा, इथल्या ओळखीच्या वकिलाला तिकडचे नियम माहीत असतीलच असं नाही.

आणि तिकडे ट्रस्टी झालेल्या आपल्या मंडळींनीही कुठल्यातरी जुन्या डायरीतला पत्ता टाकून मोकळं होऊ नये, चार फोन करून माणूस कुठे राहतो ते शोधावं, कायदाही तेवढी खटपट करायला सांगतो.

आपला,
एक वाचक