चिकुक्वाच्या लोकांना काय काय येतं तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरची जुनी वाचक आहे म्हणून हक्काने लिहितेय. आफ्रिकेची बातमी आपल्याकडे कधी येते ते जरा आठवून बघा. कुनोत चित्ते आले तेव्हा, नोव्हेंबर-डिसेंबरात वाशी मार्केटला मलावीचा हापूस उतरतो तेव्हा, नाहीतर मग दुष्काळ, यादवी, रोगराई. तिथल्या खेड्यातला माणूस सकाळी उठून काय करतो, त्याच्या बायकोला काय येतं, शेजारी शेजारी कसे राहतात हे वाचायलाच मिळत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण डोंगरावरची माती आणि पाणी अडवण्याच्या ज्या कामासाठी आपल्याकडे माण-खटावपासून पार बीडपर्यंत लोक जिवाचं रान करतात ते काम तिथल्या काही खेड्यांनी वर्षानुवर्षं टिकवून दाखवलंय. मी कृषी सहायक होते, पाणलोटाच्या कामांवर बरीच उन्हं काढली, त्यामुळे या विषयावर कुठे काही दिसलं की वाचते, फिल्म असली तर बघते. त्यातलं झिम्बाब्वेच्या चिकुक्वाचं काम मला सगळ्यात जवळचं वाटलं म्हणून त्याबद्दल सांगते.

चिकुक्वा हा झिम्बाब्वेच्या पूर्व टोकाला, चिमानिमानी जिल्ह्यात, मोझांबिकच्या बॉर्डरला लागून असलेला डोंगराळ भाग. सहा गावं, साताएक हजार माणसं, भाषा न्दाऊ. गोऱ्यांच्या राज्यात त्या देशातली चांगली जमीन गोऱ्यांच्या फार्मना आणि प्लांटेशनना गेली आणि मूळच्या लोकांना दाटीवाटीने चढउताराच्या जागेत राहावं लागलं, 1980 ला स्वातंत्र्य मिळालं तरी डोंगर तोच आणि उतारही तोच. झाडं सरपणाला आणि घरांना गेली, शेळ्या-गुरं मोकाट चरायची, पहिल्या जोराच्या पावसाला वरची माती ओघळीने खाली यायची. 1991 मधे तिथला एक झरा आटला, ज्यावर लोक पाणी भरायचे तोच. ते वर्ष सगळ्याच भागाला वाईट गेलं, 1991-92 चा दुष्काळ आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांना अजून आठवतो. पण चिकुक्वातले काहीजण एकत्र बसले आणि त्यांनी पावसाला दोष देण्याऐवजी झऱ्याच्या वरच्या डोंगराकडे बघितलं.

पर्माकल्चरचं, म्हणजे निसर्गाच्या रीतीने शेती आणि घरपरिसर आखण्याचं शिक्षण त्यांनी घेतलं, बाहेरून पैशाची आणि सल्ल्याची मदतही झाली, ते नाकारायचं कारण नाही. पण काम कुणी केलं तर गावाने. तीन काठ्यांची ए-फ्रेम करायची, मधे दोरीला दगड बांधायचा, आणि ती पावला पावलाने फिरवत डोंगरावर समतल रेषा काढायची. हे मी आमच्या भागात शेकडो लोकांना करताना बघितलंय, आणि हे कौशल्यच आहे हो, दगड स्थिर व्हायला थांबायचा धीर नसला की रेषा चुकते आणि रेषा चुकली की पहिल्याच पावसात चर फुटतो आणि आधीपेक्षा मोठी घळ पडते. चिकुक्वात माथ्यावर झाडं लावली, मधल्या उतारावर चर आणि बांध, घळींमधे देशी झाडं, आणि झऱ्याच्या आजूबाजूची जागा कुंपण घालून सोडून दिली. माथा ते पायथा, आपण म्हणतो तेच. हळूहळू झऱ्यांना पाणी परत आलं.

बांधावर त्यांनी काय लावलं माहितीय का, वाळा. आपण माठात टाकतो, उन्हाळ्यात ज्याचे पडदे लावतो तोच वाळा. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली तीन-तीन मीटर जातात, आणि दाट ओळीत लावला की पाणी गाळून पुढे जातं आणि माती मागे अडून काही वर्षांत आपोआप पायरी तयार होते. जी जात लावतात ती बी टाकून शेतात पसरत नाही त्यामुळे तणाचीही भीती नाही. हे गवत मूळचं आपल्या देशाकडचं, ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या माणसांनी आपल्या शेतकऱ्यांचे बांध बघून ते जगभर नेलं. आणि आपल्या ताटातली ज्वारी, बाजरी, नाचणी तिन्ही हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून इकडे आली. म्हणजे आमच्या माणदेशातली भाकरी त्यांच्याकडची आणि त्यांच्या बांधावरचं गवत आपल्याकडचं, एवढं जुनं नातं असताना आपण एकमेकांबद्दल काहीच वाचत नाही.

घराभोवतीची त्यांची मांडणी मला फार आवडली. घराच्या अगदी जवळ भाजी, कारण दिवसातून चारदा बाई तिथून जाते, हाताला येईल तेव्हा पाणी पडतं, दोन पानं खुडली जातात. त्याच्या पुढे केळी, आंबा, अॅव्होकॅडो अशी फळझाडं, कोंबड्या, शेळ्यांचा गोठा, आणि मग मक्याचं शेत. सांडपाणी आळ्यात, शेण खतात, पालापाचोळा जाळायचा नाही. मक्यात कडधान्याचा पाटा. बी राखून ठेवायचं. यात नवीन काय असं कुणी म्हणेल, आपल्या आज्या हेच करायच्या. हो करायच्या, पण आज किती घरांच्या मागे परसबाग उरलीय ते कुणीही आपल्या गावात जाऊन मोजावं. आणि कुठलं झाड कुठे, कुठलं बी कुठल्या उतारावर, कुठल्या महिन्यात घरात खायला कमी पडतं आणि त्या महिन्यात काय पिकलं पाहिजे याचा सगळा हिशेब बायकांच्या डोक्यात असतो, तो कुठल्याही प्रोजेक्ट रिपोर्टात येत नाही. तिथेही नाही आणि इथेही नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. चर खणणं अवघड नाहीच, अवघड आहे शेळी. तुमचा माथा मी राखायचा आणि माझी शेळी मी कुठे चारायची हा प्रश्न सुटला नाही तर तीन वर्षांत सगळं उघडं पडतं. राळेगणच्या पंचसूत्रीत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी उगाच नाही आली. चिकुक्वातल्या लोकांना हे लवकर कळलं की जमिनीचं भांडण हे खरं तर माणसांचं भांडण असतं. झऱ्याच्या वर ज्याचं शेत आहे त्याला जागा सोड म्हणायचं कुणी? शेळ्यांमागे जाणाऱ्या पोराला शाळेत पाठवायचं तर शेळ्या कोण राखणार? म्हणून त्यांनी भांडणं मिटवण्याचं सुद्धा रीतसर शिक्षण सुरू केलं. गावचे मुखिया, बायका, तरुण पोरं एकत्र बसून, कधी नाटुकली करून, कधी गोल करून ज्याचं त्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकून घ्यायचं. 2000 नंतर झिम्बाब्वेत राजकारणाने गावागावात दुफळी पडली, नोटांची किंमत राहिली नाही, अशा काळात ही गोष्ट किती मोलाची ठरली असेल याचा विचार करा. ओंजळीत पाणी घ्यायचं असलं तर आधी बोटं जुळावी लागतात, तसं आहे ते. एस्टिमेटमधे चराची लांबी, रुंदी, खोली असते, पण कुणाला चार वेळा घरी जाऊन समजावलं, कुणाच्या घरी रुसवा काढायला चहा प्यायला त्याला कॉलमच नसतो. मी नोकरीत असताना मला हे सतत जाणवायचं, माझे कितीतरी दिवस त्यातच जायचे आणि डायरीत मात्र "शिवारफेरी" एवढंच लिहायची सोय होती.

एकत्र राबायची त्यांची जुनी पद्धत आहे, न्हिंबे. एकाच्या शेतात सगळे येतात, खुरपणी नाहीतर काढणी एका दमात उरकतात, आणि ज्याचं शेत त्याने जेवण आणि घरी केलेली बियर द्यायची. आपल्याकडे इर्जिक घालायचे ना, अगदी तेच. आमच्या भागातली म्हातारी माणसं इर्जिकीच्या गोष्टी सांगतात, गाणी, वाजंत्री, मटणाचं जेवण. तिकडे ती पद्धत पर्यावरणाच्या कामाला जोडली गेली, आपल्याकडे ट्रॅक्टर आला आणि ती गेली, पुन्हा दिसली ती श्रमदानाच्या रूपात.

झिम्बाब्वेतच हरारेजवळ रुवाच्या बाजूला कुफुंडा म्हणून 2002 पासूनचं एक शिक्षण-गाव आहे. तिथे राहणारे लोक स्वतः मातीची घरं बांधतात, शेती करतात आणि बाहेरच्या गावांमधल्या लोकांना शिकवतात. तिकडची मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे संडास. हसू नका, आपण हागणदारीमुक्तीसाठी काय काय केलं आणि किती संडासात आज सरपण भरलेलं आहे हे मी डोळ्याने बघितलंय. त्यांचा खड्डा उथळ, मीटरभराचा, वर हलवता येईल अशी लादी आणि आडोसा, प्रत्येक वेळी वरून माती आणि राख टाकायची. खड्डा भरत आला की लादी आणि आडोसा उचलून पुढच्या खड्ड्यावर न्यायचा, जुन्यावर भरपूर माती घालायची आणि झाड लावायचं. केळी, पपई, आंबा, काहीही. काही वर्षांनी घराभोवती बाग होते. ही पद्धत झिम्बाब्वेतल्या पीटर मॉर्गन यांनी विकसित केली, खेड्यातल्या पाणी आणि स्वच्छतेच्या कामासाठी त्यांना 2013 चं स्टॉकहोम वॉटर प्राइझ मिळालं. सिमेंट कमी, पाणी नको, मैला उपसायला माणूस नको. ज्या राज्यात अजूनही सेप्टिक टँकमधे उतरून माणसं मरतात तिथल्या पेपरात यावर पानभर यायला हवं. अर्थात सगळीकडे चालेल असं नाही, जिथे भूजल अगदी वर आहे किंवा खडक लगेच लागतो तिथे नाही चालणार, पण जिथे चालेल तिथे तरी.

सेनेगलमधे तर 2008 मधे सरकारनेच इकोव्हिलेजसाठी, म्हणजे निसर्ग राखून चालणाऱ्या खेड्यांसाठी, वेगळी राष्ट्रीय एजन्सी काढली. सरकारी कामाचं पुढे काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको, पण एखाद्या देशाने खेड्यांबद्दल असा विचार केला ही गोष्ट आपल्यापर्यंत यायला हवी होती.

कुणी म्हणेल आपल्याकडे हिवरे बाजार आहे, नायगावला विलासराव साळुंखेंनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत सुरू केली, मग आफ्रिकेकडे कशाला बघायचं. मला या सगळ्यांचा अभिमान आहे, पाणी पंचायतीचा तर जास्तच, कारण तिथे जमीन किती आहे ते न बघता घरातल्या माणशी पाणी ठरलं, भूमिहीनालाही हक्क मिळाला. पण आपण गाव एका नेत्याच्या नावाने ओळखतो आणि बातमी त्या नेत्याची होते. चिकुक्वाबद्दल वाचताना ज्याच्याभोवती सगळं फिरतं असं एक नाव डोळ्यासमोर येत नाही, बरीच माणसं येतात, शेळ्या बांधायला लागलेली, झऱ्याची समिती चालवणारी, शाळेच्या आवारात पोरांकडून बाग करून घेणारी. टिकायचं कारण मला तरी हेच वाटतं.

आणि डोंगर राखणं ही काही हौस नाही. मार्च 2019 मधे इदाई चक्रीवादळ चिमानिमानीवर आलं, रात्रीत डोंगरावरून दगड आणि चिखल न्गांगू आणि कोपा या वस्त्यांवर आला, शेकडो माणसं गेली, कितीतरी सापडलीच नाहीत. माळीण, तळिये, मिरगाव, इर्शाळवाडी ही नावं ज्यांना माहीत आहेत त्यांना ते दुःख समजावून सांगायला नको. उतारावर राहणाऱ्या माणसाची काळजी दोन्हीकडे एकच आहे.

तर माझी विनंती अशी. 2016 ते 2019 पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या वेळी तुम्ही लोकांनी छान बातम्या दिल्या, 2018 ला आमच्या माण तालुक्यातल्या टाकेवाडीचा पहिला नंबर आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेपर जपून ठेवले. पण त्या श्रमदानाला आता इतकी वर्षं झाली, त्या चरांमधला गाळ कोण काढतंय, लावलेली झाडं किती जगली, विहिरीत पाणी वाढल्यावर लगेच ऊस लावला की ठरवून कमी पाण्याचं पीक घेतलं, बोअर किती नवीन पडल्या, चराईचं भांडण झालं तर कुणी आणि कसं मिटवलं, हे विचारायला वार्ताहर पाठवा. उद्घाटनाच्या दिवशी नको, साध्या मंगळवारी-बुधवारी पाठवा. सरपंचांशी बोलून झालं की मागच्या दाराने जाऊन घरातल्या बाईशी आणि शेळ्या राखणाऱ्याशीही बोलायला सांगा, आणि त्यांची नावं छापा. आणि त्याच पानावर चिकुक्वासारख्या गावाबद्दल एक कॉलम द्या, तिथल्या लोकांना काय येतं, ते कसं करतात, कुठे अडलं, असं सविस्तर. ए-फ्रेम कशी करायची त्याचं एक चित्र दिलंत तर फारच बरं, आमच्याकडची पोरं कापून भिंतीला लावतील आणि जूनच्या आधी कामाला लागतील. त्यासाठी माहिती गोळा करायला, वाळ्याची रोपं कुठे मिळतात ते सांगायला किंवा कुणाला शिवारात फिरवून आणायला मी आणि माझ्याबरोबर काम केलेले आम्ही काही निवृत्त लोक कधीही तयार आहोत.

आपली नम्र,
एक निवृत्त कृषी सहायक
ता. माण, जि. सातारा